पेटीतल्या जमिनीची वाटणी

चेंबूरहून माहुल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तेलवाहू टँकरांची जी रांग दिवसरात्र उभी असते, तिच्यातील काही गाड्यांचा हिशेब सांभाळणाऱ्या एका लहानशा वाहतूक कचेरीत, जिच्या संगणकांचा बंदोबस्त केवळ स्नेहापोटी माझ्या गळ्यात पडलेला आहे, दोन-तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी इंटरनेट बंद पडले. तार शाबूत होती, सेवा पुरवणाऱ्याकडून येणारा प्रवाह चालू होता, भिंतीवरच्या फळीवर ठेवलेली, जाड वहीच्या आकाराची ती काळी पेटीही हिरवा दिवा लुकलुकवीत बसली होती. पण आतले काही बाहेर जाईना आणि बाहेरचे काही आत येईना. ही पेटी म्हणजे फायरवॉल, म्हणजेच कचेरीच्या जाळ्याच्या वेशीवर बसवलेला नाकेदार. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची तो झडती घेतो आणि झडतीची नोंद आपल्या दप्तरात लिहून ठेवतो. तासाभराच्या शोधानंतर निष्पन्न झाले ते इतकेच, की नोंदी लिहिण्यासाठी राखलेली जागा शंभर टक्के भरली होती, आणि ज्याची नोंद करता येत नाही त्याला वेशीतून सोडायचे नाही असा हुकूम पूर्वीच कुणीतरी देऊन ठेवलेला असल्यामुळे, वहीतील पाने संपताच नाकेदाराने दरवाजा लावून घेतला होता.

कचेरीतील तात्या, ज्यांची उभी हयात चलने आणि पावत्या यांच्या सहवासात गेली आहे, ही कैफियत शांतपणे ऐकत होते.

“पेटीत एकूण जागा किती?” त्यांनी विचारले.

“१२० जीबी, तात्या.”

“आणि भरली किती?”

नोंदींची २० जीबी भरली होती. दुसऱ्या एका हिश्श्याची ८० जीबी मात्र जवळजवळ जशीच्या तशी पडून होती. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे घरातल्या चार खोल्या मोकळ्या, आणि पाहुणा जिन्यात उभा! अहो, ही वाटणी केली कोणी?”

वाटणी हा शब्द तात्यांच्या तोंडून सहज गेला. परंतु संगणकाच्या डिस्कवरील ज्या विभागांना त्या शास्त्रात पार्टिशन म्हणतात, त्यांच्यासाठी याहून नेमका मराठी शब्द मला आजवर सापडलेला नाही. ही विशिष्ट वाटणी कारखान्यातच झालेली होती आणि ती करणाऱ्याने आपल्या काळापुरता विचारही केला होता. वारंवार उघडली जाणारी संकेतस्थळे एकदा आणून पेटीत साठवावीत, म्हणजे पुढच्या वेळी ती बाहेरून आणावी लागू नयेत, अशी प्रथा त्या काळी होती, सबब साठवणीला ८० जीबी दिले गेले. नोंदी महिनाभर ठेवल्या की पुरे, म्हणून त्यांना २०. पुढे दोन गोष्टी घडल्या. बहुतेक सर्व संकेतस्थळे कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक स्वरूपात, येऊ लागली, आणि कुलूपबंद पाकिटाची नक्कल साठवून दुसऱ्याला देता येत नसल्यामुळे ती साठवणीची खोली ओस पडली. दुसरे असे, की संगणकसुरक्षेचा कारभार पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आज्ञापत्र काढून अशा नोंदी १८० दिवस देशातच जपून ठेवण्याचे बंधन घातले. ते कळताच ३० दिवसांची मुदत आम्हीच १८० दिवसांवर नेली होती, आणि ज्या वहीत १८० दिवस लिहायचे त्या वहीला पाने तितकीच आहेत याचा विचार कुणीच केला नव्हता. तेव्हा त्या सोमवारचा दोष निम्मा माझ्या पदरात घालावा लागेल.

प्रत्येक वाटणी हे एक भाकीत असते. कोणाला पुढे किती लागेल याचा अंदाज बांधून आज हद्दीचे दगड रोवायचे आणि मग तो अंदाज चुकला तरी दगड तिथेच राहायचे. शेतजमिनीच्या बाबतीत हा अनुभव आपल्याकडे इतका जुना आहे, की त्यासाठी एक संपूर्ण शब्दसंपदाच निर्माण झाली: हिस्सा, पोटहिस्सा, चतुःसीमा, मोजणी, फेरफार आणि जमिनीच्या प्रतीप्रमाणे कमीअधिक क्षेत्र देऊन करावयाचे ते ‘सरस-निरस’ वाटप. तुकड्यांचे तुकडे होत होत औत फिरवायलाही जागा उरेना, तेव्हा मुंबई सरकारने १९४७ साली तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा केला, आणि ज्या गावांतून ती एकत्रीकरण योजना अमलात आली तेथील सातबाऱ्यावर जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. हा ‘गट’ शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा; तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

डिस्कवरील हद्दीचे दगड कसे असतात ते आता पाहू. संगणकीय पार्टिशनची आपल्या परिचयाची पद्धत १९८३ साली आयबीएमच्या पीसी-एक्सटी या यंत्रासोबत आलेल्या डॉस प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून रूढ झाली. डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या कप्प्यात यंत्र जागे करणाऱ्या आज्ञांसाठी ४४६ बाइट, खुणेसाठी शेवटचे २, आणि मध्ये उरलेल्या ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. कुठे सुरू, किती लांब, कोणत्या प्रकारचा हिस्सा, एवढाच मजकूर प्रत्येक नोंदीत. चारांहून अधिक वारसदार निघाले की त्यांतील एकाच्या पोटात पोटहिस्से पाडण्याची पळवाट काढावी लागे, आणि आकडा लिहायला जागाच तोकडी असल्याने सुमारे २.२ टेराबाइटच्या पलीकडची जमीन या दप्तरात नोंदवताच येत नसे. पुढे जीपीटी नावाचे नवे दप्तर आले, त्यात सामान्यतः १२८ नोंदी मावतात आणि त्याची एक नक्कल डिस्कच्या दुसऱ्या टोकालाही ठेवलेली असते. परंतु तत्त्व तेच राहिले. हिस्सा सलग असला पाहिजे. शेजारच्या हिश्श्यापलीकडे कितीही पडीक जमीन असली, तरी मधल्या शेजाऱ्याला उठवल्याखेरीज ती तुम्हांला मिळत नाही. आमच्या पेटीतील नोंदींचा हिस्सा आणि ओस पडलेली साठवण यांच्यामध्ये नेमका असा एक शेजारी होता, आणि तो म्हणजे पेटीची मूळ कार्यप्रणाली.

या अडचणीवर मोठ्या यंत्रांच्या जगात उपाय निघाला. आयबीएमने १९९० साली आपल्या एआयएक्स प्रणालीत लॉजिकल व्हॉल्यूमची व्यवस्था आणली, एचपीनेही आपल्या युनिक्समध्ये ती स्वीकारली, आणि त्या एचपीच्या धर्तीवर हाइन्झ माउल्सहागेन या जर्मन अभियंत्याने १९९८ साली लिनक्ससाठी जी रचना लिहिली, तीच आज एलव्हीएम या आद्याक्षरांनी ओळखली जाते. या विद्येचे एक ठाणे पुण्यातही होते: व्हॉल्यूम मॅनेजर हे ज्या कंपनीचे प्रमुख उत्पादन, त्या व्हेरिटासचे मोठे विकासकेंद्र तेथे चालत असे आणि पुढे २००५ साली सिमॅन्टेकने व्हेरिटास आपल्यात सामावून घेतल्यावरही ते काम तेथे चालू राहिले.

या रचनेत डिस्कवर दगड रोवले जात नाहीत. एक किंवा अनेक डिस्का मिळून एक व्हॉल्यूम ग्रुप बनतो, ज्याला आपल्या महसुली भाषेत निःशंक ‘गट’ म्हणावे. त्या गटाचे एकसारखे लहान लहान वाफे पाडले जातात, साधारणपणे प्रत्येकी ४ एमबीचे; एका टेराबाइटच्या डिस्कचे असे सुमारे दोन लाख अडतीस हजार वाफे होतात. मग ज्याला जागा हवी त्याच्या नावावर तितके वाफे चढवायचे. ते सलग असण्याची गरज नाही, एकाच डिस्कवर असण्याचीही नाही. कोणते वाफे कोणाकडे याची यादी गटाच्या दप्तरात लिहिलेली असते, आणि वापरणाऱ्याला मात्र आपली जमीन एकसंध, सलग दिसते. या दिसण्यालाच लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात. उद्या नोंदींना जागा कमी पडली तर शिल्लक वाफ्यांपैकी काही त्यांच्या नावे फिरवायचे, म्हणजे केवळ एक फेरफार नोंदवायचा. यंत्र बंद करावे लागत नाही, चालू कामही थांबत नाही. माझी महसुली उपमा येथे थोडी लंगडी पडते हे मला कबूल आहे, कारण सरकारी एकत्रीकरणात खातेदाराचे विखुरलेले तुकडे खरोखरच एका जागी येतात, आणि येथे ते विखुरलेलेच राहून फक्त दप्तरात एकत्र नांदतात. तलाठ्याला असे दप्तर दिले तर तो नोकरीचा राजीनामा देईल. यंत्राला मात्र त्याचे ओझे वाटत नाही.

इतकी सोयीची व्यवस्था असताना सर्वांनी ती डोळे मिटून का घेऊ नये? घरच्या संगणकाच्या वा मोठ्या कार्यालयातील सर्व्हरच्या बाबतीत मी हा प्रश्न विचारणार नाही. पण जाळ्याच्या वेशीवर बसणाऱ्या पेटीचा धर्म वेगळा आहे. तिच्याजवळ पडदा नसतो, कळफलक नसतो, शेजारी जाणकार माणूस बसलेला नसतो. ती एकदा फळीवर चढली की पाच-सात वर्षे कुणी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, वीज गेली-आली तरी तिने आपली आपणच उठून उभे राहायचे असते, आणि ती उठली नाही तर दुरून तिला उठवण्याचा मार्गही तिच्यातूनच जात असल्यामुळे तो बंद झालेला असतो.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, तो दिवस पुष्कळांना आठवत असेल. वीज परत आल्यावर चेंबूर-माहुल परिसरातील ओळखीच्या कचेऱ्यांतून मला जे फोन आले, त्यांतील एकच येथे सांगण्यासारखा आहे. एका ठिकाणी कुणा हौशी माणसाने पेटीची क्षमता वाढावी म्हणून दुसरी, जुनी डिस्क जोडून दोहोंचा एक गट केला होता. वीज परतली तेव्हा ती जुनी डिस्क जागी झाली नाही. आणि कार्यप्रणालीचे वाफे दोन्ही डिस्कांवर पसरलेले असल्याने, धडधाकट डिस्कवर शिल्लक राहिले ते अर्धवट वाक्यांचे दप्तर. साधी पार्टिशने असती तर मेली ती डिस्क मेली, दुसरीवरचा संसार चालू राहिला असता. गटाची गोम येथेच आहे. सुखात सर्वांची जमीन एक, तसेच दुःखातही एक. कोणताही आरसा किंवा राखीव नक्कल न ठेवता अनेक डिस्का एका गटात घालणे म्हणजे सर्वांत अशक्त भावाच्या आयुष्यावर सर्व कुटुंबाची मदार ठेवणे होय.

दुसरी एक गोम दुरुस्तीच्या वेळी उघड होते. साधे पार्टिशन असलेली डिस्क काढून कोणत्याही संगणकाला जोडा, तो ती वाचील. गटातील डिस्क जोडली तर आधी गट ओळखावा लागतो, चालू करावा लागतो. आणि कारखान्यातून एकाच साच्यातून छापून निघालेल्या दोन पेट्यांच्या डिस्का एका संगणकाला एकदम जोडल्या, तर दोन्ही गटांचे नाव आणि ओळखक्रमांकही एकच निघून तोतयाच्या बंडासारखी परिस्थिती उद्भवते: दोघेही म्हणतात खरा तो मीच. या संकटावर इलाज आहेत. पण ते माहीत असणारा माणूस दुपारी तीन वाजता माहुल गावात मिळेलच असे नाही.

उत्पादकांनाही या निवडीने पेचात टाकलेले आहे. सिॲटल येथे १९९६ साली स्थापन झालेली एफ-फाइव्ह ही कंपनी, जिच्या बिग-आयपी नावाच्या पेट्या मोठमोठ्या संस्थांच्या वेशींवर रहदारीची विभागणी करीत बसलेल्या असतात, तिने २००९ च्या सुमारास आलेल्या दहाव्या आवृत्तीत दोन्ही पद्धती ग्राहकापुढे ठेवल्या. नवी पद्धत व्हॉल्यूमांची. परंतु जुनी नववी आवृत्ती व्हॉल्यूमांवर चालू शकत नसे. म्हणून ज्याला नवे बिघडले तर जुन्याकडे परतण्याची वाट त्याच डिस्कवर मोकळी ठेवायची होती, त्याला पार्टिशनांवरच राहणे भाग होते, आणि ज्याने परतीचे दोर कापले त्यालाच गटाचे सुख. माझ्या मते हा पेच निव्वळ तांत्रिक नव्हता. वेशीवरच्या पेटीत जागेच्या लवचीकतेपेक्षा परतीची वाट अधिक मोलाची असते, हे त्या कंपनीच्या ग्राहकांनी तेव्हा ओळखले असेल तर मला नवल वाटणार नाही.

परतीच्या वाटेचा हा विचार वाचकाच्या खिशापर्यंत पोचलेला आहे. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, पुष्कळ फोनांत कार्यप्रणालीच्या दोन जागा राखण्याची सोय आली: एकीवर फोन चालतो, दुसरीवर नवी आवृत्ती गुपचूप उतरवली जाते, आणि नवी उठेना तर फोन जुनीवर परततो. प्रत्येक जागेसाठी कायमचे दगड रोवल्याने निम्मी जमीन नेहमीच अडकून पडे. तेव्हा २०१९ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत ‘सुपर’ नावाचे एकच मोठे पार्टिशन करून त्याच्या आत सरकत्या हद्दींचे हिस्से ठेवण्यात आले. म्हणजे बाहेर एक पक्की भिंत, आत गट. ही मिश्र तडजोड मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

माहुलमध्ये राहणाऱ्या माणसाला या तडजोडीचा नमुना शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९५४ साली स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा, असे दोन तेलशुद्धीकरण कारखाने या कोळीवाड्याच्या शेजारी आले, सत्तरच्या दशकात ते अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी सरकारी मालकीचे झाले, आणि पन्नासच्या दशकापासूनच गावाच्या क्षितिजावर तेलाच्या गोल टाक्या उभ्या आहेत. या टाक्यांभोवती जो बुटका बांध असतो, कामगार ज्याला डाइक म्हणतात, तो असा बांधावा लागतो की त्याच्या आतली सर्वांत मोठी टाकी फुटली तरी तिच्यातील सगळे तेल बांधातच राहावे. आणि टाकी कधीही काठोकाठ भरत नाहीत, कारण उन्हात तेल फुगते. बांध पक्का, टाकीत वरची जागा मोकळी. पेटीच्या डिस्कवर मला नेमके हेच हवे होते.

यंत्र ज्याच्या बळावर जागे होते तो भाग, आणि कार्यप्रणालीच्या दोन्ही जागा, यांना साधी, पक्की पार्टिशने द्यावीत. या भागाचा आकार वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही, लवचीकतेचा त्याला उपयोग नाही, आणि आणीबाणीच्या वेळी तो कोणत्याही मामुली साधनाने वाचता आला पाहिजे. उरलेल्या जमिनीचा एक गट करावा आणि जे वाढते, म्हणजे नोंदी, अहवाल, राखीव नकला, ते त्यात ठेवावे. सगळे एकाच मोठ्या हिश्श्यात टाकून वाटणीची कटकटच नको, असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्या पेटीत नोंदी फुगल्या की कार्यप्रणालीलाच श्वास घेता येत नाही, आणि मग सोमवारी सकाळी नुसते दार न लागता नाकेदारच कोसळतो.

एक सूचना मात्र आग्रहाने करावीशी वाटते, कारण गट करणारे दहांपैकी नऊ जण येथे चुकतात. गट केला की हातात आलेली सगळी जमीन त्याच दिवशी वाटून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. वाटून टाकलेली जागा परत घेणे हे देण्याइतके सोपे नाही. ईएक्सटी-फोर पद्धतीने मांडलेला हिस्सा चालू असताना वाढतो, पण आकसायचा तर आधी बंद करावा लागतो, आणि एक्सएफएस पद्धतीचा हिस्सा तर व्यवहारतः आकसतच नाही. शिवाय आवृत्ती बदलण्यापूर्वी जुन्या स्थितीचे क्षणचित्र, म्हणजे स्नॅपशॉट, घ्यायचे तर त्यालाही गटात मोकळे वाफे लागतात, आणि ते मध्येच संपले तर ते क्षणचित्र निकामी होते. नसलेली जमीन कागदावर वाटण्याची ‘थिन’ नावाची एक युक्ती या शास्त्रात आहे, जिच्यात सर्वांना मिळून प्रत्यक्षाहून अधिक जागेचे वचन दिले जाते. मोठ्या पेढीत, जिथे शिलकेवर रात्रंदिवस पहारा असतो, तिथे ती चालो, पण फळीवरच्या पेटीत तिला थारा देऊ नये.

त्या वाहतूक कचेरीतील पेटी आम्ही एका रविवारी या बेताने नव्याने मांडली. कार्यप्रणालीला दोन पक्की पार्टिशने. उरलेल्या सुमारे ९० जीबीचा एक गट. त्यात नोंदींना ४०, अहवाल आणि नकलांना १५, आणि ३५ जीबी कोणाच्याच नावावर नाही. तात्यांनी हा तक्ता आपल्या हाताने एका जुन्या चलनाच्या पाठीवर उतरवून पेटीच्या वर चिकटवला, आणि ‘शिल्लक’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. गेल्या पावसाळ्यात नोंदी पुन्हा नव्वद टक्क्यांवर गेल्या, तेव्हा दुपारच्या जेवणाआधी, गाड्यांचे काम चालू असतानाच, ५ जीबी तिकडे फिरवले. तात्यांनी ३५ वर काट मारून शेजारी ३० लिहिले.